पुढे केलेला हात

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आईने घरातल्या सगळ्या कात्र्यांना धार लावून घेतली. धारवाला सायकल घेऊन गल्लीत आला की ती नेहमीच खाली उतरायची, पण एखादी कात्री घेऊन. त्या दिवशी तिने शिवणाची, स्वयंपाकघरातली, माझी कागद कापायची, नखांची बारकी, अशा सगळ्या टॉवेलात गुंडाळून नेल्या आणि त्याच्या डोक्यावर उभी राहिली. मी गॅलरीतून बघत होते.

"मावशी, एवढं निरखून बघू नका, माझा हात कापेल," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघत बसलास तर कापणारच. चाकाकडे बघ."

वर आल्यावर तिने एकेक कात्री ओल्या कापसावर चालवून पाहिली. एक तिच्या मनासारखी झाली नव्हती. ती घेऊन परत खाली निघाली तेव्हा मी म्हटलं, "अगं, उद्या तुझं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन परवा. उद्या नुसती भरती." चपला पायात सरकवत ती म्हणाली, "आणि ते काही या कात्रीने करणार नाहीयेत."

आईचा सगळा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. सर्जनच्या समोर उभं राहून त्याच्या हातात अवजारं देणारी सिस्टर होती ती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण बोलायला लागली की अजून तिथलंच. त्यातही एका सर्जनचं कौतुक फार. त्याचं नाव तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. "आमचा डावखुरा", एवढंच. तो शिकाऊ म्हणून आला तेव्हा वरचे डॉक्टर त्याला उजव्या हाताने काम करायला लावत. आईने कुणाला न विचारता एक दिवस त्याच्यासाठी ट्रॉली उलटी मांडली, सगळ्या अवजारांच्या मुठी डावीकडे वळवून. त्यावर थिएटरमध्ये बरीच टवाळी झाली म्हणे. पुढे तो मोठा सर्जन झाला, तरी ट्रॉली तीच मांडायची.

आईच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं. दादाचं म्हणणं, इतक्या ओळखीच्या माणसाने हात लावू नये. आई म्हणाली, "अनोळखी माणसासमोर मी झोपणार नाही," आणि विषय संपला.

कात्र्यांना धार लावली त्याच संध्याकाळी डावखुरे डॉक्टर स्वतः घरी आले. आईला हॉस्पिटलच्या बाकावर ताटकळत ठेवणं त्यांना बरं वाटलं नसावं. आई त्यांना तोंडावर "डॉक्टर" म्हणायची आणि ते तिला "सिस्टर". मला ते माझ्या शाळेपासून ओळखत होते. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आतड्याचं चित्र काढलं.

"गाठ इथे आहे. हा तुकडा काढायचा आणि ही दोन टोकं एकमेकांना जोडायची. जोड कधीकधी गळतो, ते तुम्हाला मी काय सांगणार. गळला तर परत उघडू. पण काहीही झालं तरी मी मधेच सोडणार नाही, सिस्टर. शेवटपर्यंत."

आईने आधी दोन प्रश्न विचारले होते. समोर सिस्टर कोण असणार, आणि भूल कोण देणार. या शेवटच्या वाक्यावर ती काही बोलली नाही. टेबलावर पडलेला बिस्किटाचा चुरा तिने बोटाने एका जागी गोळा केला. डॉक्टर थोडे थांबले, मग कागदाची गुंडाळी करून म्हणाले, "मग ठरलं तर." मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत होते.

रात्री आम्ही जेवताना टीव्हीवरची मालिका बघितली. नायकाचा काका रडत काहीतरी कबूल करत होता. "खोटं बोलतोय मेला," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी आई सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि तरुण सिस्टरांना पलंगाच्या चादरी कशा ताणायच्या ते सुनावत होती. मग एका दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला आणि पोट दगडासारखं कडक झालं. जोड गळला होता. त्याच संध्याकाळी दुसरं ऑपरेशन झालं. त्यानंतर आई आयसीयूत व्हेंटिलेटरवर होती, झोपेच्या औषधांखाली. डोळे कधीमधी उघडायचे, पण त्यांत ती नसायची.

दिवस असेच गेले. दादा सकाळी गॅरेज उघडून यायचा, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा टाकली होती. आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांपैकी कोणती डुगडुगते ते आम्हाला पाठ झालं होतं.

एका सकाळी आयसीयूच्या तरुण डॉक्टर बाहेर आल्या आणि आमच्यासमोर उभ्या न राहता शेजारी बसल्या. त्यावरूनच मला कळलं.

"रात्री परत स्कॅन केला. आतड्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचा रक्तपुरवठा बंद झालाय. तो भाग मरतोय. सरांनी दुपारी थिएटर राखून ठेवलंय, तिसऱ्या ऑपरेशनसाठी. पण त्याआधी तुम्हाला एथिक्सच्या मॅडमना भेटायचंय. सरही असतील."

"एथिक्स म्हणजे?" दादाने विचारलं.

"असा काही पेच पडला, की करावं की करू नये, तर हॉस्पिटलात एक सल्लागार असतात. त्या सगळ्यांना एकत्र बसवतात."

"पेच कसला त्यात?" दादा म्हणाला. "शाळेत नीतीच्या गोष्टी सांगायचे तसलं काहीतरी दिसतंय. आम्हाला नकोत गोष्टी. सर्जन तयार आहे ना? मग घ्या आत."

डॉक्टर गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "तू काही बोलू नकोस तिथे. तुझी पुस्तकातली वाक्यं नकोत."

"मी कुठे काय बोलले?"

"तेच म्हणतोय. बोलली नाहीस की जास्त भीती वाटते."

ती खोली चादरींच्या भांडाराला लागून होती. भिंतीवरच्या फळ्यावर कुणाच्या तरी ड्युट्या अर्धवट पुसलेल्या. एकाही खुर्चीचा दुसरीशी मेळ नव्हता. सल्लागार बाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. आईपेक्षा थोड्या लहान असतील. पूर्वी लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, असं त्यांनीच सांगितलं. डॉक्टर शेवटी आले. हिरव्या कपड्यांत, टोपी डोक्यावर तशीच. दुपारच्या तयारीने आले होते ते. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"मी निर्णय देणार नाही," बाई म्हणाल्या. "हे कोर्ट नव्हे. मी प्रश्न विचारते. आणि कुणी कुणाच्या आड लपत असेल तर त्याला पुढे या म्हणते. एवढंच माझं काम."

"इथे कोण लपतंय?" दादा म्हणाला.

"अजून मला माहीत नाही. डॉक्टर, ऑपरेशन करून काय साधेल?"

डॉक्टरांनी सवयीने सुरुवात केली. मेलेला भाग काढून टाकायचा. उरलेल्या आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणायचं. विषाचा उगम निघून गेला की रक्तदाब सावरेल, मूत्रपिंडं कदाचित परत काम करू लागतील.

"टेबलावरून जिवंत परत येतील?"

"बहुतेक येतील."

"आणि त्यानंतर?"

"आतडं फार थोडं उरेल. अन्न शिरेतून द्यावं लागेल."

"किती काळ?"

"कायम." ते थांबले. "व्हेंटिलेटर सुटेल की नाही, सांगता येत नाही."

"घरी जातील?" हे मी विचारलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी नाही. तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. घरी नाही जाणार."

"पण जिवंत राहील," दादा म्हणाला.

"राहू शकेल. शंभरात पाच-दहा."

"मग पाच-दहा आहेत ना. गाडी अर्धी खोलून, आता जमत नाही म्हणून मी गिऱ्हाइकाला परत देत नाही. आपण खोललीय ना? मग पुरी करायची."

"ती गाडी नाहीये," मी म्हटलं.

"मला माहितेय ती गाडी नाहीये." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझ्याकडे दुसरे शब्द नाहीत."

भांडाराच्या बाजूने कुणीतरी चाकांची गाडी ढकलत नेली. बाईंनी विचारलं, "त्यांना स्वतःला काय हवं होतं? याबद्दल त्यांचं कुणाशी काही बोलणं झालं होतं?"

"माझ्याशी," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी घरी गेलो होतो. स्पष्ट सांगितलं होतं, मधे सोडणार नाही, शेवटपर्यंत. त्यांनी मान्य केलं. ही होती तिथे."

"ती गप्प बसली होती," मी म्हटलं.

"हो. म्हणजे मान्य."

"नाही."

डॉक्टर पुढे वाकले. रागावले नव्हते, एखाद्या विद्यार्थ्याला समजवावं तसं म्हणाले, "हे बघ, तू त्यांना घरी पाहिलंस. मी थिएटरमध्ये पाहिलंय. सिस्टर बोलल्या की समजायचं, काहीतरी चुकतंय. गॉज मोजायचं राहिलं, टाका सैल पडला. आणि गप्प असल्या की सगळं ठीक, चालू द्या. मी इतकी वर्षं त्यांच्या गप्प बसण्यावर विसंबून पोटं उघडली. मला त्याचा अर्थ कळत नसेल का?"

"थिएटरमधला कळत असेल," मी म्हटलं. "घरी ती गप्प बसली की ते 'नाही' असायचं. ती आमच्यावर कधी ओरडली नाही. गप्प बसायची आणि हाताला येईल ते काम करायची."

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्याने खुर्चीत चुळबुळ केली. माझ्या बाजूने बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"ते खरंय," तो शेवटी म्हणाला. "मी नोकरी सोडून गॅरेज टाकतो म्हटलं, तेव्हा शब्द काढला नाही. माझ्या शर्टांची बटणं शिवत बसली. मला वाटलं, चला, सुटलो. आजपर्यंत गॅरेजात पाऊल ठेवलं नाही तिने. गाडी धुवायची असली तरी मला खाली रस्त्यावर बोलावते."

"त्या संध्याकाळी काय करत होत्या?" बाईंनी मला विचारलं.

"बिस्किटाचा चुरा गोळा करत होती."

हे ऐकून डॉक्टरांचा चेहरा बदलला असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. केसांवर तिचा वळ उमटला होता.

बाई म्हणाल्या, "बाई एक आणि तिच्या गप्प बसण्याचे अर्थ दोन. दोन्ही खरे असतील. डॉक्टर, थिएटरमध्ये त्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलं होतं?"

"तोंडाने कधीच नाही."

"मग कसं?"

डावा हात टेबलावर होता, तो त्यांनी उताणा केला आणि त्याच्याकडे बघतच बोलू लागले.

"मला त्यांच्याकडे काही मागावं लागत नसे. हात असा पुढे केला की जे हवं ते हातात. मी मान वर करत नसे. पण कधी असं व्हायचं की पोट उघडलं आणि रोग सगळीकडे. आता काही करण्यासारखं नाही. मी तरुण होतो, मला ते पटायचं नाही, खणत बसायचो. तेव्हा हात पुढे केला की तो रिकामा राहायचा. मग मी मान वर करायचो. सिस्टर माझ्याकडे बघत असायच्या. बस, एवढंच. मी तोंडाने मागितलं की लगेच द्यायच्या. अडवून धरायच्या नाहीत. पण मला मागावं लागायचं."

"मागायचात?"

"कधीकधी. बहुतेक वेळा नाही मागायचो. पोट बंद करायला घ्यायचो."

पालथा फोन टेबलावर थरथरला. डॉक्टरांनी तो उलटून पाहिला. "थिएटर. टेबल तयार आहे, पेशंटला घेऊ का विचारतायत."

"मग उचला ना," दादा म्हणाला. "सांगा, घ्या म्हणून. आपण इथे जुन्या आठवणी काढत बसलोय आणि तिकडे तिचं आतडं मरतंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक मिनिटाला शंभरातले ते पाच-दहा कमी होत असणार. डॉक्टरांनी फोन कानाला लावला. "थोडं थांबा," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मग दादाकडे वळून, आतापर्यंत वापरला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "अजून एक सांगायचं राहिलंय. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी त्या शुद्धीवर होत्या."

"आम्ही होतो की तिथे," दादा म्हणाला.

"तुम्हाला बाहेर काढलं त्यानंतर. मी त्यांना म्हटलं, सिस्टर, जोड गळलाय, परत आत जावं लागेल. आणि हात पुढे केला. पेशंटला धीर द्यायला करतो ना, तसा. त्यांचा हात तिथेच होता, चादरीवर, चार बोटांवर. त्यांनी दिला नाही."

"ताप होता तिला. अंगात त्राण नव्हतं."

"हेच मीही स्वतःला सांगितलं. पण मी मान वर केली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या."

खोलीत भांडारातल्या धुतलेल्या चादरींचा वास येत होता. मला एकाएकी आईच्या युनिफॉर्मची आठवण झाली आणि मी ती दूर सारली, कारण अजून काही ठरलं नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"मागितलं. तोंडाने. म्हटलं, सिस्टर, करू ना? आणि त्यांनी मान हलवली. हो म्हणून. सही केली."

"म्हणजे संमती होती."

"कागदावर होती."

"कागदाचं मी विचारत नाहीये."

"मी मागितलं की त्या देतच," डॉक्टर म्हणाले. "ती संमती होती की मला दिलेलं आणखी एक अवजार होतं, हे मला कळत नाही. आणि आज मागायला त्या शुद्धीवर नाहीत. म्हणून तुम्हाला बोलावलं."

दादाने मान वर केली. "तुम्ही बोलावलंत? आम्हाला वाटलं, त्या आयसीयूच्या मॅडमनी तुमची तक्रार केलीय."

"मीच. आधी थिएटर राखून ठेवलं, मग यांना फोन केला. उलट करायला हवं होतं. पण पोटात काही बिघडलं की माझा हात आधी चालतो." त्यांनी तो हात टेबलाखाली घेतला. "दुसऱ्या कुणाची आई असती तर स्कॅन बघून मीच तुम्हाला सांगितलं असतं, आता घरच्यांना बोलवा, पुरे करू. रात्रीपासून ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. थांबलो तर मी त्यांना मधेच सोडलं, आणि उघडलं तर माझ्या समाधानासाठी उघडलं. मला दोन्हीकडून बरोबर दिसेना."

"आता दिसतंय?"

"ऑपरेशन करू नये असं मला वाटतं. सर्जन म्हणून. हे मी मुलांवर टाकत नाहीये, मी म्हणतोय. पण मी एकट्याने म्हणायचंही नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. मला ते नको होतं. दादाकडे आधी वळल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या स्वतःच्या मनात काय आहे, ते आत्ता बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "मी ते विचारत नाहीये. आई इथे बसल्या असत्या, हे सगळं त्यांनी ऐकलं असतं, तर काय म्हणाल्या असत्या?"

माझ्या मनात जे होतं ते बाजूला ठेवणं मला अवघड गेलं नाही. ते मला लहानपणापासून येतं. मी खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. तिथे आई बसली आहे असं मनाशी धरलं. घरी जाता येणार नाही, जेवता येणार नाही, नळीतून पांढरं अन्न, दुसऱ्या सिस्टरांनी कुशीवर वळवायचं आणि चादरी नीट ताणायच्या नाहीत. हे सगळं ऐकताना तिच्या हातांनी काय केलं असतं ते मला दिसलं.

"ती काही बोलली नसती," मी म्हटलं. "टेबलावरची यांची टोपी उचलून तिने घडी घातली असती."

कुणी हसलं नाही. टोपी तिथे तशीच पडलेली होती.

"पण डॉक्टरांनी मागितलं असतं तर ती हो म्हणाली असती. दादाने मागितलं असतं तरी. ती आम्हाला कधी नाही म्हणालीच नाही, तोंडाने. म्हणून कुणी मागू नका. आता तिच्याकडे काही मागू नका."

डॉक्टरांनी मान हलवली. दादा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याच्या हातातून काही हिसकावून घेतलंय.

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

"आता विचारते," बाई म्हणाल्या.

"मला ती हवीय." त्याने हे इतक्या सरळ सांगितलं की मीच खाली बघितलं. "नळीवर तर नळीवर. मी रोज येऊन बसेन. गॅरेज विकेन. मला ती हवीय, बस." मग त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. "पण हे तिच्या बाजूचं नाही. कळतंय मला. ही म्हणतेय ते तिच्या बाजूचं आहे. बटणं शिवत होती ना ती. तेव्हा कळत होतं मला, नाही म्हणतेय म्हणून. मी मुद्दाम सुटलो म्हटलं स्वतःला." तो डॉक्टरांना म्हणाला, "करा तो फोन."

डॉक्टरांनी फोन लावला. "केस रद्द करा," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, पुढे ढकलली नाही. रद्द."

नंतर काय होईल ते बाईंनी आम्हाला पायरीपायरीने सांगितलं. वेदना होऊ देणार नाहीत. रक्तदाबाची औषधं थांबवतील, मग घशातली श्वासाची नळी काढतील. काही मिनिटं लागतील किंवा काही तास. तुम्ही जवळ बसायचं, बोलायचं. ऐकू येत असेल का, दादाने विचारलं. "येत नाही असं धरून चालू नका," त्या म्हणाल्या.

दुपारी आयसीयूत आईच्या पलंगाभोवती पडदे ओढले. नळी काढताना आम्हाला बाहेर थांबवलं, पण डॉक्टर आत राहिले. हे काम त्यांचं नव्हतं, तरी राहिले. पडदा बाजूला झाला तेव्हा आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी पुरा दिसला. गालांवर चिकटपट्टीचे लाल पट्टे होते. ओठाच्या कोपऱ्याला जखम होती. श्वास तिचा तिला येत होता, उथळ, मधे मोठ्या फटी टाकत.

दादाने तिच्या पायांवरची चादर उचलली, कडा ओढून ताणली आणि गादीखाली खोचली. "आता बघ," तो तिला म्हणाला, "कशी ताठ बसलीय." मग त्याला तिथे उभं राहवेना. मामाला कळवून येतो म्हणून तो बाहेर गेला. डॉक्टर भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. त्यांच्या हाताशी काही काम नव्हतं, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर ते उठले आणि पडद्याबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचे बूट पडद्याखालून दिसत होते.

मी आईच्या जवळ खुर्ची ओढली. बोला, असं सांगितलं होतं. मी तिला घरातलं सांगू लागले. पाण्याची टाकी भरते आहे. शेजारच्या काकूंनी तिची कुंडी त्यांच्या गॅलरीत नेली आहे. आमचं बोलणं नेहमी असंच असायचं, भांडीकुंडी, बिलं, कोण आलं कोण गेलं. तिच्या दोन श्वासांमधली फट वाढत होती. टाकी, कुंडी आणि काकू संपल्यावर माझ्याजवळ सांगायला घरातलं काही उरलं नाही.

"आई," मी म्हटलं, "सकाळी त्या खोलीत मी जे बोलले ते तुझ्या बाजूचं बोलले. तुला तसंच हवं होतं, ते मला माहीत आहे. परत विचारलं तरी मी तेच सांगेन."

तिने श्वास घेतला. मी तो संपायची वाट पाहिली.

"माझं मला कुणी विचारलं नाही. विचारू नयेच म्हणा. पण दादासारखं मलाही म्हणायचं होतं."

पडद्याखालचे बूट हलले नाहीत. मी तिच्या कानाशी वाकले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "मला तू हवी आहेस. जाऊ नकोस, आई."